प्रश्न कोणी विचारायचा? : विज्ञान-गणित स्पर्धांची वाटचाल आणि आपले भोपाळ

गणपती ही विद्येची आणि बुद्धीची देवता. म्हणूनच आपल्या गणेशोत्सवात आरती, अथर्वशीर्ष आणि नाटकाइतकाच मान मुलांच्या स्पर्धांना असतो. पाठांतर, चित्रकला, रांगोळी आणि त्यांच्या जोडीला प्रश्नमंजूषा. प्रश्नमंजूषेच्या दिवशी मांडव भरतो तो स्पर्धक मुलांमुळे, तसाच मागच्या खुर्च्यांवर बसून हळूच उत्तर पुटपुटणाऱ्या आजोबांमुळेही. सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप देणारे लोकमान्य टिळक स्वतः गणिताचे पदवीधर होते आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवीत असत. तेव्हा बाप्पापुढे विज्ञान-गणिताची स्पर्धा घेणे हे आपल्या परंपरेला धरूनच आहे.

या स्पर्धा आल्या कोठून, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतला, पदविका घेतलेला साधा माणूस. वैज्ञानिक नव्हे आणि इतिहासकारही नव्हे. पण घरात शाळकरी मुले असल्याने दर वर्षी कुठला ना कुठला अर्ज भरावा लागतो, तेव्हा या स्पर्धांचा मागोवा घ्यावासा वाटला. तो घेताना लक्षात आले की या इतिहासाची काही पाने आपल्या मध्य प्रदेशातच लिहिली गेली आहेत.

हंगेरीतली सुरुवात

टिळकांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, दूर हंगेरीत शालेय शिक्षण नुकतेच संपवलेल्या मुलांसाठी गणिताची एक स्पर्धा सुरू झाली. पदार्थवैज्ञानिक लोरांड ओट्व्हॉश यांच्या नावाने ती पुढे ओळखली गेली. माध्यमिक शाळांतील मुलांसाठी गणिताचे मासिकही तिथे त्याच सुमारास निघाले. स्पर्धेचे स्वरूप पाहण्यासारखे होते. प्रश्न फक्त तीन आणि ते सोडवायला काही तास. शिवाय पुस्तके आणि वह्या जवळ ठेवायला परवानगी! पाठ केलेले आठवते का, हे परीक्षकांना पाहायचेच नव्हते. समोर अनोळखी कोडे आले तर मुलगा विचार कसा करतो, एवढेच पाहायचे होते. विमानविद्येतले मोठे नाव थिओडोर फॉन कारमान हे याच स्पर्धेतून पुढे आले.

याच वळणाचे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. दोन दिवस, रोज तीन प्रश्न आणि रोज साडेचार तास, अशी तिची आजची पद्धत आहे. भारताचा संघ त्यात १९८९ पासून उतरू लागला आणि १९९६ साली हे ऑलिंपियाड आपल्या मुंबईत भरले.

गणिताच्या या प्रवासात एका माणसाचे नाव बृहन्महाराष्ट्राने अभिमानाने घ्यावे असे आहे. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म १९३० साली उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. ग्वाल्हेरहून मुंबई आणि तिथून हार्वर्ड असा प्रवास करून ते बीजीय भूमितीतले जगन्मान्य गणिती झाले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवीत राहिले. पण १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. तिथे आज शाळकरी मुलांची ऑलिंपियाडची तयारीही होते आणि गणितातल्या प्रज्ञाशोधासाठी स्पर्धाही घेतल्या जातात. माळव्यात जन्मलेल्या मराठी मुलाने महाराष्ट्राला दिलेली ही भेट आहे.

आपल्या देशातल्या परीक्षा

स्वातंत्र्यानंतर देशाला वैज्ञानिक हवे होते. १९६३ साली दिल्लीपुरती आणि पुढच्या वर्षी देशभर विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली. त्या वेळी ३५० शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच होत्या. लेखी परीक्षा होतीच, पण मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि मुलाखत यांनाही स्थान होते. १९७६-७७ च्या सुमारास योजनेचे रूप बदलले, समाजशास्त्रे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीही ती खुली झाली आणि नाव पडले राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, म्हणजे आपल्या ओळखीची एन.टी.एस.ई. लाखो मुले बसू लागली तशी ती पर्यायांवर खुणा करण्याची परीक्षा झाली. २०२१ पासून तर ती स्थगितच आहे.

मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. इयत्ता सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेली ही स्पर्धा महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहे. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि त्यानंतर प्रकल्प व मुलाखत, अशा पायऱ्या त्यात आहेत. प्रयोगशाळेत हात चालतो का, हे पाहणारी स्पर्धा म्हणून तिचे महत्त्व. तीही मराठीतून देता येते.

दूरदर्शनने मात्र आमच्या पिढीच्या मनात स्पर्धेचे वेगळेच चित्र उभे केले. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला आणि रस्ते ओस पडू लागले. त्याआधी रेडिओवर बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा होतीच. घंटी कोण आधी दाबतो, यावर सारा खेळ. त्या कार्यक्रमांनी ज्ञानाला प्रतिष्ठा दिली, सामान्यज्ञानाची पुस्तके घरोघर आली, हे नाकारता येणार नाही. पण हंगेरीच्या मुलांना मिळालेले काही तास आमच्या वाट्याला काही सेकंदांवर आले. विचार करायला थांबणारा मुलगा त्या खेळात हरतो.

मध्य प्रदेशाचा वेगळा मार्ग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरची कार्यालये इकडे हलली. त्या कार्यालयांबरोबर आलेली कितीतरी मराठी कुटुंबे आज इथे तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. पुढे भेलचा कारखाना आला, त्यानेही अनेकांना बोलावले. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार इथली मंडळी तर त्याहून जुनी. या सगळ्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले आणि विज्ञान-गणितात मार्क आणणे हा आपल्या घराचा धर्मच मानला.

आपण मार्कांच्या मागे असताना भोपाळहून इटारसीच्या वाटेवर, होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नर्मदापुरम), एक वेगळा प्रयोग सुरू होता. १९७२ साली तिथल्या १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या संस्था, राज्य शासन आणि मोठ्या विद्यापीठांतले वैज्ञानिक एकत्र आले. सहावी ते आठवीची मुले चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, निरीक्षण लिहीत आणि निष्कर्षही स्वतःच काढीत. पुस्तकाचे नाव होते ‘बाल वैज्ञानिक’ आणि त्यात उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त. १९७८ मध्ये तो पूर्ण जिल्ह्यात पोहोचला. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि तिने काम पुढे नेले.

या कार्यक्रमाची परीक्षा आमच्यासारख्या जुन्या पद्धतीत वाढलेल्या माणसाला चकित करते. आठवीच्या परीक्षेत मुले पुस्तक उघडून बसत आणि प्रात्यक्षिकालाही गुण असत. ओट्व्हॉश यांच्या स्पर्धेतला नियम नर्मदाकाठच्या खेड्यातल्या शाळेत येऊन पोहोचला होता! त्याहून गोड गोष्ट म्हणजे सवालीराम. हे एक काल्पनिक पात्र. मुलांनी पत्र लिहून त्याला काहीही विचारावे आणि सवालीरामाच्या नावाने जाणत्या मंडळींनी उत्तर पाठवावे. प्रश्नमंजूषेत मोठे विचारतात आणि मुले उत्तर देतात. इथे मुले विचारीत आणि मोठ्यांची परीक्षा होई.

हा कार्यक्रम वाढत सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्याची कारणे आणि वाद हा वेगळ्या लेखाचा विषय. पण तीस वर्षे सरकारी शाळांतली मुले प्रयोग करून परीक्षा देत होती, ही नोंद आपल्या राज्याच्या इतिहासात राहायला हवी.

आणखी एक पान ग्वाल्हेरचे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून देशभर भरते. तिची मूळ कल्पना ग्वाल्हेर सायन्स सेंटर या स्वयंसेवी संस्थेची. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि आपल्या भाषेत मांडायचा. गावची विहीर, शेतातली कीड, गल्लीतला कचरा हेच त्यांचे अभ्यासाचे विषय. १९९५ साली आपल्या श्यामला हिल्सवर आंचलिक विज्ञान केंद्रही उघडले. तिथल्या उपकरणांशी खेळून आपली बहुतेक मुले मोठी झाली आहेत.

भोपाळला हे का कळायला हवे

कोणी म्हणेल, परीक्षा अशी घेतली काय नि तशी घेतली काय, फरक काय पडतो? इतर शहरांचे आम्हाला ठाऊक नाही. भोपाळला फरक पडतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. पुढचे सांगायला नको. ती रात्र आपल्या घरांतही कोणी ना कोणी पाहिली आहे. तो वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरला. धावणाऱ्याच्या छातीत तो जास्त गेला. तोंडावर ओले फडके धरल्याने थोडा तरी बचाव होतो, हे त्या रात्री सांगणारे कोणी नव्हते. वायूची घनता हा शाळेच्या पुस्तकातला धडा. शहरात तो पाठ असलेली मुले हजारो असतील. पण त्या कारखान्यात काय साठवले आहे, हे लोकांना सांगितलेच गेले नव्हते, मग पाठ केलेल्या धड्याचा उपयोग कुठे होणार?

एका माणसाने मात्र वेळेवर विचारले होते. पत्रकार राजकुमार केसवानी. डिसेंबर १९८१ मध्ये कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला, तेव्हापासून ते मागे लागले. हा वायू काय आहे, तो किती जड आहे, टाक्यांची सुरक्षा कशी आहे, हे वाचून, विचारून त्यांनी १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या साप्ताहिकात शहराला धोक्याची सूचना दिली. १९८४ च्या मध्याला पुन्हा लिहिले. ते वैज्ञानिक नव्हते. त्यांनी फक्त प्रश्न सोडला नाही. त्यांचे कोणी ऐकले असते तर, हा विचार आजही झोप उडवतो. केसवानी २०२१ मध्ये गेले.

आम्हाला वाटते, विज्ञान स्पर्धेचे खरे काम इथे आहे. चार पर्यायांतून एकावर खूण करणारा मुलगा दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. टाकीत काय आहे, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत छापून येत नाही. तो ज्याचा त्यालाच सुचावा लागतो आणि सुचण्याची सवय लहानपणीच लागते. आज या परीक्षांच्याही शिकवण्या निघाल्या आहेत आणि आपणही मुलांना तिथे पाठवतो. पाठवावेच, शिष्यवृत्तीने घराला हातभार लागतो. पण सवालीरामाला पत्र लिहिण्याची सवय त्या वर्गात लागणार नाही. ती लावायची जागा घर आणि आपला उत्सव.

मांडवातली प्रश्नपेटी

म्हणून समाजबांधवांपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, प्रश्नमंजूषा राहू द्यावी, पण तिच्या शेजारी एक प्रश्नपेटी ठेवावी. स्थापनेच्या दिवसापासून मुलांनी त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात. मराठीत, हिंदीत, जशी येईल तशी भाषा चालेल. आपल्यात निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक, शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी रोज आरतीनंतर दोन चिठ्ठ्या काढून उत्तर द्यावे. येत नसेल तर ‘उद्या शोधून सांगतो’ असे मुलांसमोर मोकळेपणी म्हणावे. बक्षीस चांगल्या उत्तराबरोबर चांगल्या प्रश्नालाही द्यावे.

दुसरी सूचना प्रयोगाची. आपला मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो, शहराच्या मोठ्या भागाला त्यातूनच पाणी मिळते आणि २००२ पासून भोज पाणथळ क्षेत्राला रामसर यादीत स्थान आहे. मुलांच्या दोन गटांना दोन बादल्या द्याव्यात. एकीत शाडूचा आणि दुसरीत प्लास्टर ऑफ पॅरिसचा, सारख्याच वजनाचा गोळा पाण्यात सोडावा. सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत लिहावे आणि शेवटच्या दिवशी उरलेला भाग वाळवून पुन्हा तोलावा. मोठ्यांनी आधी उत्तर सांगू नये. अनंत चतुर्दशीला विसर्जनाला निघण्यापूर्वी त्या वह्या मुलांनी सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात आणि पुढच्या वर्षीची मूर्ती कशाची आणायची, हा ठराव त्या वह्या पाहूनच करावा.

गणपती बाप्पा मोरया!