श्रवणरक्षणाचे भाकीत आणि शब्दसूचीचा प्रश्न

आठव्या मस्तिष्क-मज्जातंतूवर वाढणाऱ्या श्वानोमा या गाठीचा शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे क्रमाक्रमाने वाढत गेलेल्या अपेक्षांचा इतिहास होय. लायडन येथील सँडिफोर्ट याने 1777 मध्ये शवविच्छेदनात आढळलेल्या अशा गाठीचे वर्णन केले. 1894 मध्ये लंडनच्या बॅलन्स याने ती काढली. हार्वे कुशिंग याचा या गाठीवरील ग्रंथ 1917 मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात प्रश्न होता तो केवळ रोग्याचे प्राण वाचविण्याचा. 1961 पासून विल्यम हाऊस याने लॉस एंजेलिस येथे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने नवे मार्ग रूढ केल्यावर चेहऱ्याचा मज्जातंतू राखण्याची आशा बळावली. श्रवण राखण्याची आकांक्षा प्रस्थापित झाली ती त्यानंतर.

तथापि तंतू राखणे आणि श्रवण राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समी व मॅथीज यांनी 1997 मध्ये एक हजार गाठींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात श्रवणतंतू 68 टक्के शस्त्रक्रियांत अखंड राहिला होता. परंतु आधी ऐकू येत असलेल्या कानांपैकी सुमारे 39 टक्के कानांतच श्रवण टिकले. अंतर्कर्णाला रक्त पुरविणारी सूक्ष्म धमनी दुखावली, तर अखंड तंतूही निरुपयोगी ठरतो. म्हणूनच भाकीत करताना गाठीचा आकार, कर्णनलिकेच्या तळापर्यंतचा तिचा विस्तार, मेंदूच्या देठातून मिळणारे विद्युत्-प्रतिसाद आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे श्रवण यांचा एकत्र विचार केला जातो.

यांपैकी शेवटचा घटक भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. गार्डनर व रॉबर्टसन यांनी 1988 मध्ये रूढ केलेल्या वर्गीकरणात शुद्ध स्वरांच्या श्रवणमर्यादेबरोबर शब्दबोधाची टक्केवारी धरलेली आहे. 50 डेसिबेलपर्यंतची मर्यादा व किमान 50 टक्के शब्दबोध, ही उपयुक्त श्रवणाची सीमा होय. या रोगात स्वर बऱ्यापैकी ऐकू येत असूनही शब्द उमगत नाहीत, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे शब्दाची साक्ष निर्णायक ठरते.

परंतु शब्द कोणत्या भाषेतले? हार्वर्ड येथे ईगन याने 1948 मध्ये सिद्ध केलेल्या सूची इंग्रजीच्या ध्वनिवितरणावर आधारलेल्या होत्या. ताट-थाट, पळ-फळ, काल-काळ हे मराठीतील अर्थभेदक विरोध तशा सूचीत कोठून येणार? मुंबईत 1983 मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, 1997 मध्ये हिंदुजा रुग्णालयात या गाठींवरही चालणारे गॅमा नाइफ आले. साधने आली, पण त्यांच्या वापराचा निर्णय ज्या मापावर अवलंबून असतो, ते माप रोग्याच्या बोलीतच घ्यावे लागते.

बीड जिल्ह्यातील तेलगावचा एखादा शेतकरी परीक्षेस बसला आहे, अशी कल्पना करावी. ‘पाणी’ हा शब्द त्याने नीट ऐकला, आणि आपल्या बोलीप्रमाणे ‘पानी’ असा उच्चारला. परीक्षकाने ती चूक धरली, तर दोष कानाचा नव्हे, सूचीचा व तपासणाराचा. पन्नास शब्दांच्या सूचीत प्रत्येक शब्दास दोन टक्के असतात. 26 शब्द बरोबर ऐकणाऱ्याचे तीन शब्द असे बाद झाले, की 52 टक्क्यांचे 46 होतात व तो सीमेखाली जातो. मग अंतर्कर्णातून जाणारा, उरलेल्या श्रवणाचा बळी देणारा मार्गही शल्यचिकित्सकास समर्थनीय वाटू शकतो.

उलटपक्षी, केवळ परिचित शब्दांची सूची दिल्यास रोगी अर्धवट ऐकूनही अनुमानाने उत्तर देतो, आणि भाकीत अवास्तव आशादायक होते. तात्पर्य, बोलीभेदांची नोंद केलेली, ध्वनिसंतुलित मराठी सूची ही शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीचाच भाग मानली पाहिजे. बोलीविज्ञानाने नोंदविलेला न-ण यांचा भेद येथे एका माणसाच्या कानाचे भवितव्य ठरवू शकतो.