मुक्काम पुणतांबा: यात्रेकरूचे जेवण, निवारा आणि वाट

पुणतांबा हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातले गोदावरीकाठचे गाव. १ जून २०१७ पासूनच्या शेतकरी संपामुळे ते राज्यभर गाजले, पण त्याची जुनी ओळख दोन गोष्टींची: चांगदेवांची समाधी आणि गंगेचे स्नान. या पट्ट्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. चांगदेवांनी शके १२२७, म्हणजे इ.स. १३०५ च्या सुमारास येथे समाधी घेतली असे परंपरा मानते. हेच चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले आणि ज्ञानेश्वर भिंत चालवत सामोरे आले, ही कथा मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या नशिबी मात्र ना वाघ होता ना भिंत. त्यांच्यापुढे तीन प्रश्न असत: वाटेत खायचे काय, रात्री टेकायचे कुठे आणि ज्याला चालवत नाही त्याला न्यायचे कसे. पहिल्या दोहोंची सोय समाजाने बरीच लवकर लावली. तिसरा प्रश्न फार काळ ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेला होता.

रेल्वेपूर्वी यात्रा पायी किंवा बैलगाडीने होई. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाके रुतत आणि नदी उतारू देत नसे, म्हणून सुगी उरकल्यावरचे कोरडे महिने प्रवासाला बरे. शिदोरीत भाकरी, चटणी, कांदा, गूळ आणि दशम्या असत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती दोन-तीन दिवस टिके आणि सोवळेओवळे पाळणाऱ्यांनाही प्रवासात चाले. शिदोरी संपली की गावच्या वाण्याकडून शिधा घ्यायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि स्वतःच रांधायचे. शिजवलेले अन्न विकत घेऊन खाणे कमीपणाचे मानले जाई. त्यातून कोणी कोणाच्या हातचे खायचे याचे नियम जातीने घालून दिलेले असल्याने क्षेत्राच्या गावीही खानावळीचा धंदा उशिरानेच रुजला.

निवाऱ्यासाठी देवळाची ओवरी, धर्मशाळा किंवा क्षेत्रोपाध्यायाचे घर असे. उपाध्याय आपल्या वहीत यजमानांच्या पिढ्यांची नावे लिहून ठेवी. नवा पाहुणा आला की आजोबा-पणजोबांची नोंद काढून दाखवायची आणि त्याला आपल्याकडे उतरवून घ्यायचे, ही त्याची रीत. धर्मशाळेत डोक्यावर छप्पर आणि जवळपास पाणी एवढेच मिळे. अंथरूण-पांघरूण आणि भांडी ज्याची त्याने आणायची. एकाच यात्रेकरूने फार दिवस जागा अडवू नये म्हणून मुक्कामाला मर्यादा असे.

पुणतांब्याच्या नदीकाठी अहिल्याबाई होळकरांनी घाट बांधवला. त्यांचा कारभार १७६७ ते १७९५ असा चालला. त्यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात आहे आणि आता जिल्हाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घाट म्हटला की आज डोळ्यांपुढे सौंदर्य आणि पुण्य येते, पण तो बांधण्यामागे साधी व्यवहारबुद्धी होती. गोदावरीचे पाणी ऋतूप्रमाणे चढते आणि उतरते, काठाची चिकण माती निसरडी असते. पाण्याची पातळी कुठेही असली तरी दगडी पायरीवर पाय रोवून उभे राहता यावे, म्हाताऱ्या माणसाने घसरून पडू नये, ही त्यातली सोय. आपल्या काळापुरता घाट हाच सुलभतेचा उपाय होता. ज्याला पायरीच उतरता येत नाही त्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता. ऐपत असेल तर अशा माणसासाठी डोली किंवा मेणा ठरवायचा. नसेल तर मुलाच्या पाठीवर बसून जायचे, नाहीतर घरच्यांनी तांब्यातून आणलेले तीर्थ घरीच घ्यायचे.

पाय धड असूनही घाटावर किंवा धर्मशाळेत येण्यास मज्जाव असलेला मोठा समाज होता, आणि त्याला तीर्थही कोणी आणून देत नसे. अस्पृश्य मानलेल्यांना देवळात, पाणवठ्यावर, धर्मशाळेत प्रवेश नव्हता. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सरकारी पैशांतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच झाला. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून आडकाठी करण्यास बंदी घातली. स्नानाचे घाट आणि हॉटेले राज्यघटनेत एकाच ओळीत यावीत, यावरून प्रवाशाला कोणकोणत्या दारात अडवले जात होते ते कळते.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि पुणतांब्याला स्टेशन मिळाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुंबईहून निघणारे दोन फाटे या मार्गाने जोडले गेले. बैलगाडीचे कित्येक दिवस आता तासांवर आले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसायला मिळाले तर नशीब, अशी गर्दी असे. पण त्या बाकावर शेजारी कोण बसणार हे ठरवणे कोणाच्याच हाती उरले नाही. सोवळ्याला इतका मोठा धक्का कोणत्याही उपदेशाने दिला नव्हता. दुसरा परिणाम गावाच्या मिळकतीवर झाला. सकाळी उतरून, स्नान-दर्शन आटोपून संध्याकाळच्या गाडीने परतणे शक्य झाले की रात्रीच्या मुक्कामाची गरज कमी होते, आणि क्षेत्राच्या गावची बरीचशी कमाई त्या मुक्कामावरच असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा मुक्काम जवळच्या शिर्डीकडे वळू लागला. साईबाबांच्या दर्शनाला मुंबई-पुण्याकडून येणारे बहुतेक भक्त कोपरगावला उतरत आणि तेथून टांग्याने शिर्डी गाठत. शिर्डीत धर्मशाळा म्हणावी अशी सोय नव्हती. ती भक्तांनीच उभी केली: १९०८ मध्ये हरी विनायक साठे यांचा वाडा झाला आणि १९११ च्या रामनवमीला हरी सीताराम तथा काकासाहेब दीक्षित यांचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात शिर्डीत होते. त्यांच्या रोजनिशीत आरतीच्या वेळांवर अवलंबून असलेला तिथला दिनक्रम दिसतो. दुपारची आरती लांबली की जेवणही लांबे. आजच्या सहलीच्या ठरीव वेळापत्रकात हा प्रकार कोणी खपवून घेणार नाही.

दीक्षितांचा वाडा या विषयात आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते मुंबईचे नामांकित सॉलिसिटर. लंडनमध्ये गाडीत चढताना झालेल्या अपघाताने त्यांचा पाय अधू झाला होता. शिर्डीला ते प्रथम १९०९ मध्ये गेले. पायाचे लंगडेपण राहिले तरी चालेल, मनाचे जावे, अशी त्यांची मागणी असल्याचे साईचरित्रात येते. भक्तीच्या दृष्टीने ही मागणी उदात्तच. पण टांगा करण्याची आणि वाडा बांधण्याची ऐपत असलेल्या माणसालाच ती परवडणारी होती, हेही नोंदले पाहिजे.

सामुदायिक जेवणाची या भागातली मोठी परंपरा सराला बेटाची. गोदावरीतल्या या बेटाच्या गंगागीर महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो; २०२४ मध्ये तो १७७ वा होता. भाकऱ्या गावोगावच्या घरांतून भाजून येतात आणि आमटी जागेवर प्रचंड कढयांत शिजते. ज्या मुलखात एकेकाळी प्रत्येकाची चूल वेगळी असे, तिथे शेकडो घरांच्या भाकऱ्यांचा एकच ढीग होतो. हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे.

शिर्डीत हेच काम संस्थेच्या मापाने चालते. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवण्यात आल्या आणि त्यांच्या उष्णतेवर तयार होणाऱ्या वाफेत भात-डाळ शिजू लागली. त्याच वर्षी पुणतांब्याहून फुटणारा सुमारे १७ किलोमीटरचा मार्ग साईनगर शिर्डी स्टेशनपर्यंत खुला झाला आणि पुणतांबा जंक्शन बनले. जंक्शन म्हटल्यावर गाव गजबजेल असे वाटते. येथे उलटे झाले. गाड्या थेट शिर्डीला जाऊ लागल्याने बाहेरच्या यात्रेकरूला पुणतांब्याला उतरण्याचे कारणच राहिले नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडी येथे शिर्डी विमानतळ सुरू झाला. संस्थानाची भक्तनिवासे, खासगी हॉटेले आणि संगमनेरच्या मालपाणी समूहाचे ‘साईतीर्थ’ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क यांमुळे शिर्डीची यात्रा आता सहकुटुंब सहलही झाली आहे.

चालू न शकणाऱ्या प्रवाशाचा विचार कायद्याने उशिरा केला. अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झाले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करण्याचे बंधन घातले. रेल्वेत ठरावीक गटांतल्या दिव्यांगांना आणि त्यांच्या सोबत्याला भाड्यात सवलत आहे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. शिर्डीत वृद्ध आणि दिव्यांगांसाठी दर्शनाची वेगळी वाट आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये खुल्या झालेल्या दर्शनरांग संकुलात इतर भाविकांनाही उन्हात ताटकळावे लागत नाही. पुणतांब्याच्या घाटावर पाण्यापर्यंत जाणारी वाट पायऱ्यांचीच आहे. ज्याला त्या उतरता येत नाहीत, त्याच्यासाठी घरचे माणूस तांब्या भरून वर आणते.