उमळलेल्या पऱ्हाटीची कुळकथा

ऑगस्टात पावसाने वीस-पंचवीस दिवस दडी मारावी, तरी पऱ्हाटी हिरवीगार राहून पात्याबोंडांनी लगडावी, आणि मग एका रात्री ढग असे कोसळावेत की काळ्या रानात सरीसरीने पाणी तुंबावं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. दुपारपर्यंत अधूनमधून एकेक झाड मान टाकतं. पानं लोंबतात, पाती गळतात आणि दोन-चार दिवसांत झाड उभ्या उभ्या वाळतं. खामगाव-नांदुऱ्याकडे म्हणतात, ‘पऱ्हाटी उमयली’. कृषी विभागाच्या पत्रकात त्याला आकस्मिक मर म्हणतात आणि कापूस-शास्त्रज्ञ पॅराविल्ट.

शेतकऱ्याचा पहिला संशय बियाण्यावर जातो, दुसरा बुरशीवर. पण झाड उपटून पाहिलं तर सुरुवातीला मुळं कुजलेली नसतात. खोड उभं चिरलं तर बुरशीच्या मर रोगात दिसते ती तपकिरी रेघही नसते. कीड नाही, रोगजंतू नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलेलं असतं. हे कसं घडतं हे कळायला आधी एका जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळावं लागलं : झाडात पाणी वर चढवतं कोण?

आपल्याकडे याचा एक उल्लेख महाभारताच्या शांतिपर्वात, भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात आहे. कमळाच्या पोकळ देठातून तोंडाने पाणी ओढून घ्यावं, तसं झाड वायूच्या साहाय्याने मुळांवाटे पितं, असं भृगू सांगतात. तो प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. तरी जोर वरच्या टोकाला आहे हे त्यात बरोबर आलं आहे. युरोपातले विद्वान पुढे बराच काळ खालून ढकलणारा पंप शोधत बसले.

बोलोन्यातल्या माल्पिगीने सतराव्या शतकात झाडाच्या सालीचं कडं काढून पाहिलं. कड्याच्या वरची बाजू फुगली, खालची नाही. म्हणजे पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, आणि पाणी मात्र आतल्या लाकडातून वर जातच राहतं, कारण वरची पानं लगेच सुकत नाहीत. दोन वाटा वेगळ्या झाल्या. काष्ठवाहिन्या आणि रसवाहिन्या ही नावं शाळेत आपण पाठ करतो. त्यांच्या झायलेम आणि फ्लोएम या मूळ संज्ञा 1858 साली नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने रूढ केल्या.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस स्टीफन हेल्स. लंडनजवळच्या टेडिंग्टनचा हा पाद्री. त्याने कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केलं आणि 1724 च्या उन्हाळ्यात ते सकाळ-संध्याकाळ तोललं. साडेतीन फुटी झाड दिवसाकाठी सरासरी 20 औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी हवेत सोडत होतं. त्याने पानं मोजली, त्यांचं क्षेत्रफळ काढलं, मुळांचंही काढलं. द्राक्षवेल छाटून बुंध्याला पाऱ्याची नळी जोडली आणि मुळांचा दाबही मोजला. वसंतात तो चांगलाच भरला. पण उन्हाळ्यात, झाड सर्वांत जास्त पाणी पितं तेव्हा, तो दाब कुठेच दिसेना. पाणी वर ओढण्याचं काम पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन करतं, हे त्याने 1727 च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

तरी अडचण उरलीच. चोषण पंप पाणी 10.3 मीटरच्या वर ओढू शकत नाही, आणि झाडं शंभर मीटरपर्यंत जातात. मग काहींनी लाकडातल्या जिवंत पेशींना कामाला लावलं. बॉनच्या एडुआर्ड स्ट्रासबुर्गरने 1891 च्या सुमारास याचा निकाल जरा क्रूरपणेच लावला. वीस मीटरहून उंच ओक बुंध्याशी कापून तो विषारी पिक्रिक आम्लाच्या टाकीत उभा केला. विष वाटेतल्या जिवंत पेशी मारत वर चढत गेलं आणि पानांपर्यंत पोचलं. पानं मेली, मग ओढ थांबली. पंप खोडात नव्हता.

1894 साली डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी उरलेला दुवा जोडला. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक वाहिनीत पाण्याची अखंड तार ताणली तरी तुटत नाही. पानातून थेंब उडाला की तार वर सरकते आणि ती ओढ मुळाच्या टोकापर्यंत पोचते. जगदीशचंद्र बोस यांना हे मान्य नव्हतं. 1923 च्या ग्रंथात त्यांनी सालीच्या आतल्या थरातल्या पेशी स्पंदन करून रस वर ढकलतात असं मांडलं. बोस मोठेच, पण या वादात त्यांची बाजू टिकली नाही, हे सांगायला आपण उगाच संकोचतो.

आता कुणी म्हणेल, पऱ्हाटी कंबरेएवढी. तिला शंभर मीटरचा हिशेब कशाला? हिशेब उंचीचा नाहीच. कोरड्या काळ्या मातीच्या कणांनी धरून ठेवलेलं पाणी ओरबाडून घ्यायचं, तर भर दुपारी कपाशीच्या पानात पंधरा-वीस वातावरणांएवढा ताण भरतो. तार तेवढी ताणलेली असताना खालचा पुरवठा थांबला तर?

पाऊस नेमकं हेच करतो. मातीतली हवेची भोकं पाण्याने भरतात, आणि प्राणवायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात. 2003 साली फ्रान्समधल्या माँपेलिये इथल्या संशोधकांनी अराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत यापुढचा टप्पा दाखवला : प्राणवायू तुटला की मुळाच्या पेशीतली आम्लता वाढते आणि तिच्या पापुद्र्यातली पाण्याची दारं, ज्यांना ॲक्वापोरिन म्हणतात, ती मिटतात. बाहेर पाणीच पाणी, दार बंद, आणि वर ऊन ओढतच आहे. ज्याचा पसारा मोठा, ज्यावर बोंडं जास्त, तेच झाड आधी पडतं. खुरटं शेजारी वाचतं. त्यात गुदमरलेली मुळं इथिलीन या वायूची सामग्री वर धाडतात, आणि तो पात्यांना नि पानांना गळायला लावतो.

अशी मोठ्या पसाऱ्याची पऱ्हाटी इथे आली कशी हे पाहायचं, म्हणून या कुळकथेत खामगावलाही जागा आहे. अमेरिकेतल्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडायला आला. तो कापूस देशी, खोल मुळांचा, आखूड धाग्याचा. गिरण्यांना लांब धागा हवा होता. 1970 साली सुरतेहून एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला आणि 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली. एकदम भरगच्च बोंडं धरणारं झाड शेतात आलं आणि उमळण्याचा घाला याच झाडावर जास्त पडतो. संकर वाईट असं नव्हे. त्याची ओढ मोठी आहे.

त्याच झाडातल्या दुसऱ्या वाटेचं दुखणं म्हणजे लाल्या. बोंडं भरताना मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून रसवाहिन्यांतून बोंडांकडे वळवतं, म्हणून लाली आधी खालच्या पानांवर चढते. आणि पूर्णा खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूरच्या खारपाण पट्ट्यात, मातीतला क्षारच मुळाशी पाण्यासाठी झोंबतो. तिथे बोअरचं खारं पाणी देणं म्हणजे तहान वाढवणं.

उमळलेल्या झाडावर इलाज आहे, पण वेळ फार थोडा. आधी पाणी शेताबाहेर काढायचं. वाफसा येताच बुंध्याभोवतीची माती पायाने दाबायची, म्हणजे मऊ चिखलात हललेल्या मुळांचा मातीशी सांधा पुन्हा जुळतो. युरियाच्या द्रावणाची आळवणी करायची. आणि मान टाकल्यापासून 24 ते 48 तासांत कोबाल्ट क्लोराइडची 10 पीपीएम फवारणी, म्हणजे 100 लिटर पाण्यात फक्त 1 ग्रॅम. कोबाल्ट इथिलीन तयार होणं अडवतो. वाळलेलं झाड यानं उठत नाही. नुकतंच लोंबलेलं उठू शकतं. ते रसायन आयत्या वेळी गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि तालुक्याला जाऊन येईपर्यंत निम्मी मुदत सरते. त्यापेक्षा भारी जमिनीत दर काही ओळींनंतर उताराकडे जाणारा चर जूनमध्येच पाडून ठेवणं स्वस्त पडतं.