ओरिएंटिअरिंग : बिल्ल्यांचे निकष आणि मुलांची उमेद

हाती नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानातून धावायचे, नकाशावर दाखविलेली ठिकाणे ठरावीक क्रमाने गाठायची आणि कमीत कमी वेळात परत यायचे, असे ओरिएंटिअरिंग या क्रीडाप्रकाराचे स्वरूप आहे. सर्वांसाठी खुली असलेली या खेळाची पहिली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला, पहिली जागतिक स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमध्ये भरली आणि १९९० पासून कनिष्ठ गटासाठी स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली. मुलांनी या खेळात टिकून राहावे यासाठी अनेक देशांनी प्रावीण्याचे निकष ठरविले व ते गाठणाऱ्यांना बिल्ले किंवा दर्जा देण्याची पद्धत पाडली. मात्र या निकषांमुळे मुलांची उमेद खरोखर वाढते का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मोजमापाची अडचण

शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत अंतर कायम असते, त्यामुळे सेकंदांचा निकष कोणत्याही मैदानावर लागू पडतो. ओरिएंटिअरिंगमध्ये तसे होत नाही. प्रत्येक स्पर्धेचे रान वेगळे, चढउतार वेगळे आणि ठिकाणांची मांडणीही वेगळी असते. साहजिकच निकष मिनिटांत आधीच ठरविता येत नाही. तो त्या दिवशीच्या वेगवान स्पर्धकांच्या वेळेवरून काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या बिल्ला योजनेत हेच तत्त्व होते. पहिल्या तीन स्पर्धकांच्या सरासरी वेळेत २५ टक्के मिळवून सुवर्ण, ५० टक्के मिळवून रौप्य आणि १०० टक्के मिळवून कांस्य निकषाची मर्यादा ठरत असे. समजा, पहिल्या तिघांची सरासरी ३२ मिनिटे आहे. मग सुवर्णाची मर्यादा ४० मिनिटे होते आणि ४४ मिनिटे घेणाऱ्या मुलीला रौप्य मिळते. त्याच स्पर्धेला अव्वल धावपटू आले नसते आणि सरासरी ३६ मिनिटे झाली असती, तर मर्यादा ४५ मिनिटांवर गेली असती व त्याच धावेला सुवर्ण मिळाले असते. मुलीच्या कौशल्यात तसूभरही फरक नाही. फरक पडला तो केवळ इतर स्पर्धकांमुळे. हे तिला कोणी समजावून सांगितले नाही, तर 'आपण कमी पडलो' एवढाच अर्थ ती काढणार.

रंगांची शिडी

यावर ब्रिटनमध्येच एक उपाय आढळतो. तेथे मार्गांना काठिण्यानुसार रंग दिलेले असतात. पांढरा मार्ग रानातील पायवाटांवरून जातो. पिवळ्या मार्गावर वाट, कुंपण, ओढा अशा सलग खुणांचा आधार असतो. नारिंगी मार्गावर आडवाट धरून अंतर वाचविण्याचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. पुढे हिरवा, निळा, तपकिरी करीत काळ्या रंगापर्यंत ही शिडी चढत जाते. रंगाचा निकष पूर्ण करण्यासाठी विजेत्याच्या वेळेची दीडपट मर्यादा किंवा निम्मे स्पर्धक बसतील अशी मर्यादा, यांपैकी अधिक उदार असेल ती धरण्याची पद्धत रूढ झाली. असा निकष एकदा नव्हे, तर तीनदा गाठल्यावर बिल्ला मिळे. येथे रंग हा वेगाबरोबरच शिकलेल्या कौशल्याचाही पुरावा ठरतो.

रशियात याहून कडक व्यवस्था आहे. सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या क्रीडा वर्गीकरणात युवा दर्जांपासून 'मास्टर ऑफ स्पोर्ट' या किताबापर्यंत पायऱ्या आहेत. ओरिएंटिअरिंगमध्ये दर्जासाठीची मर्यादा विजेत्याच्या वेळेच्या टक्केवारीत असते. परंतु स्पर्धेत किती वरच्या दर्जाचे खेळाडू उतरले, हे पाहून ती टक्केवारी बदलते. त्यामुळे वर दिलेल्या उदाहरणातील विसंगती बरीच कमी होते. नॉर्वेने नेमकी उलट दिशा धरली. तेथील क्रीडा महासंघाच्या बालक्रीडाविषयक तरतुदी प्रथम १९८७ मध्ये आल्या. २००७ मधील सुधारित तरतुदींनुसार मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालपत्रके व क्रमवारी टाळली जाते आणि बक्षिसे द्यायचीच असतील, तर ती सर्व मुलांना दिली जातात.

मानसशास्त्र काय सांगते?

मार्क लेपर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना आधीच प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविले गेले. पुढे ही मुले मोकळ्या वेळेत चित्रकलेकडे इतरांच्या सुमारे निम्माच वेळ वळली. न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. डेसी, कोस्टनर व रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातही आमिषवजा बक्षिसाने आंतरिक ओढ घटते, तर कौतुकाच्या शब्दांनी ती वाढते, असा निष्कर्ष निघाला. दुसरीकडे, लॉक व लॅथम यांच्या ध्येयनिश्चितीच्या सिद्धांतानुसार स्पष्ट आणि काहीसे कठीण ध्येय कामगिरी उंचावते. अट एवढीच की ते ध्येय मनापासून स्वीकारलेले असावे.

जॉन निकोल्स यांनी आणखी एक मुद्दा मांडला. साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना मेहनत आणि क्षमता यांतील भेद पुरता उमगत नाही. तो उमगल्यावर काही मुले स्वतःच्या प्रगतीकडे पाहतात, तर काही इतरांशी तुलना करीत राहतात. तुलनेवर विसंबलेली मुले अपयश येताच लवकर खचतात.

निकष कसा असावा?

या सर्वांचा मेळ घातला, तर निकष मुळात वाईट नसतो असे दिसते. तो मुलाला काय सांगतो, यावर सारे अवलंबून असते. 'तू आता आडवाट शोधू शकतोस' असे सांगणारा बिल्ला पुढच्या रंगाकडे नेतो. 'तू विजेत्याच्या इतका मागे आहेस' एवढेच सांगणारा आकडा घरी बसवितो. ओरिएंटिअरिंगमध्ये यात आणखी एक धोका आहे. मिनिटांचा ध्यास लागलेले मूल नकाशा न वाचता पुढच्याच्या मागे धावू लागते आणि जे शिकायचे, तेच राहून जाते.

आता इलेक्ट्रॉनिक नोंदीमुळे प्रत्येक टप्प्याची वेळ स्वतंत्रपणे कळते. कोणत्या ठिकाणी वाट चुकली आणि गेल्या वेळेपेक्षा कोठे सुधारणा झाली, हे प्रशिक्षकाला मुलाजवळ बसून दाखविता येते. बिल्ला त्यानंतर आला, तर तो आमिष न राहता केलेल्या प्रगतीची पावती ठरतो.