दिव्याखाली अंधार : बफेलोचे प्रदर्शन, १९०१

इ. स. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा भव्य महाल उभारून पहिले महान जागतिक प्रदर्शन भरविण्यात आले. त्या महालाला साऱ्या जगाने नावाजले. परंतु दिवस मावळू लागला की त्याची दारे बंद होत. आत कृत्रिम दिव्यांची सोय नव्हती. बरोबर पन्नास वर्षांनी, १९०१ साली, अमेरिकेतील बफेलो शहरात पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरले, तेव्हा लोक सूर्य मावळण्याचीच वाट पाहत उभे राहत. अर्ध्या शतकात माणसाचे रात्रीशी असलेले नातेच पालटले होते. हे कसे घडले आणि त्या झगमगाटातून आपण काय शिकावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा पालट एका रात्रीत झाला नाही. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेल मनोऱ्याच्या माथ्यावर विजेचा प्रखर झोत होता, तरी त्याच्या अंगाखांद्यावर मात्र गॅसचेच दिवे होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात दिवे लावण्याचे कंत्राट जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीने मिळविले आणि प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची उपयुक्तता लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे सिद्ध झाली. या प्रवाहाचा दाब रोहित्राच्या साहाय्याने वाढवून वीज दूरवर नेता येते आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो उतरविता येतो. हे तत्त्व हाती आले आणि नायगारा धबधब्याच्या शक्तीला वाट मिळाली. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज सुमारे २६ मैलांवरच्या बफेलोत पोहोचली. अशा शहराने आपल्या प्रदर्शनासाठी विजेलाच नायिका करावे, यात नवल ते काय?

प्रदर्शनाच्या मध्यभागी वास्तुशिल्पी जॉन गेलन हॉवर्ड यांनी आखलेला सुमारे ३९० फूट उंचीचा विद्युत मनोरा होता आणि त्याच्या शिखरावर प्रकाशदेवतेचा पुतळा. दीपयोजना ल्यूथर स्टिअरिंजर आणि हेन्री रस्टिन यांची. शिकागोतील प्रखर कमानी दिव्यांनी डोळे दिपत. या दोघांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी अवघ्या आठ मेणबत्त्यांइतक्या तेजाचे लहान लहान दिवे निवडले आणि असे दोन लाखांहून अधिक दिवे इमारतींच्या कडांवर, कमानींवर आणि घुमटांवर ओळीने बसविले. आज सणासुदीला चर्चच्या वा देवळाच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या माळा सोडतात, तोच हा प्रकार. भिंत अंधारात विरून जाते आणि वास्तूची केवळ रेषा उरते. एकेक दिवा मंद, पण सारे मिळून एक नगर उजळीत.

दिवे लागण्याची रीतही आगळी होती. ते एकदम पेटत नसत. पाण्याच्या टाक्यांत लोखंडी पाती हळूहळू उतरवून विजेच्या मार्गातील अडथळा कमी केला जाई. त्यामुळे प्रथम दिव्यांच्या तारा केवळ लालसर दिसत, मग गुलाबी, मग सोनेरी. सुमारे मिनिटभरात सारे नगर उजळून निघे. त्या क्षणी हजारोंचा जमाव निःशब्द होई, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. विजेच्या युगात जणू पहाटच पुन्हा घडविली होती.

पण दिव्याखाली अंधार, ही आपल्या वाडवडिलांची म्हण येथे शब्दशः खरी ठरली.

६ सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली सकाळी नायगारा पाहून आले. दुपारी प्रदर्शनातील संगीत मंदिरात ते लोकांशी हस्तांदोलन करीत उभे होते. रांगेतील लिऑन चोल्गोश या तरुणाने हातरुमालात दडविलेल्या पिस्तुलाने त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. हा तरुण पोलंडहून आलेल्या कष्टकरी कॅथलिक घरात वाढलेला, तारेच्या कारखान्यात राबलेला. पुढे श्रद्धा सोडून तो अराज्यवादाकडे वळला होता. राष्ट्राध्यक्षांना प्रदर्शनाच्याच छोट्या रुग्णालयात नेण्यात आले. बाहेर दोन लाख दिवे सज्ज होते, आत मात्र शस्त्रक्रियेला पुरेसा उजेड नव्हता! मावळत्या सूर्याचे किरण आरशाने जखमेवर पाडून वैद्यांनी काम सुरू केले. विजेचा दिवा आला तो मागाहून. पोटातली गोळी सापडली नाही. एडिसन यांनी क्ष-किरण यंत्र बफेलोला पाठविले, तेही वापरले गेले नाही. जखम आतून सडली आणि १४ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांचा अंत झाला.

आणखी एक अंधार होता. त्याची चर्चा कमी होते. जेम्स पार्कर हा कृष्णवर्णीय माणूस प्रदर्शनातील एका उपाहारगृहात नोकरीला होता. रांगेत तो मारेकऱ्याच्या मागेच उभा होता. त्याने झडप घालून मारेकऱ्याला खाली पाडले. पहिल्या दिवसांत त्याचे कौतुक झाले, पण खटल्यात त्याला साक्षीला बोलाविलेही नाही. त्याच प्रदर्शनात गुलामांच्या जीवनाचे गोडगुलाबी चित्र रंगविणारा ‘जुना मळा’ नावाचा देखावा पैसे घेऊन दाखविला जात होता. बफेलोच्या मेरी टॅल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या समाजाच्या खऱ्या प्रगतीलाही जागा मिळावी, अशी मागणी केली होती. अखेरीस पॅरिसमध्ये १९०० साली मांडलेले, ड्यू बॉइस यांच्या तक्त्यांचा समावेश असलेले प्रदर्शन बफेलोत आणण्यात आले. कुणावर प्रकाश पाडायचा हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो.

२९ ऑक्टोबरला चोल्गोशला ऑबर्नच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला. चारच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, प्रदर्शन संपले. एकाच ऋतूत एकाच शक्तीने मनोराही उजळला आणि एका माणसाचा प्राणही घेतला.

पुढे ते नगर पाडण्यात आले. लाकडी सांगाड्यावर तंतुमिश्रित गिलावा चढविलेल्या त्या इमारती टिकण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. संगमरवरी न्यूयॉर्क राज्य भवन तेवढे उरले; तेथे आज बफेलोचे इतिहास संग्रहालय आहे. संगीत मंदिराच्या जागी एका शांत वस्तीतल्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, जेथे राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या अंदाजे जागी एक शिळा आहे.

त्या दीपनगरीला आम्ही तुच्छ लेखत नाही. मंद दिव्यांची रांग प्रखर झोतापेक्षा अधिक सुंदर असू शकते, हा स्टिअरिंजर-रस्टिन यांचा धडा आजही मोलाचा आहे. परंतु वास्तूची रेषा उजळणे आणि तिच्या छायेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा उजळणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम बफेलोने मिनिटभरात करून दाखविले. दुसरे करण्यासाठी अशी कळ अद्याप कुणी शोधलेली नाही. तो दिवा ज्याचा त्यानेच हाती धरावा लागतो.