शाळा किती लांब

आमच्या गावच्या शाळेचा पट यंदा चौदावर आला. जूनमध्ये गुरुजी घरी आले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "आबा, तुमचा नातू आपल्या शाळेत असता तर पंधरा झाले असते." मी गप्प बसलो. काय बोलणार? आमचा नातू पिवळ्या बसनं आठ किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातो.

गुरुजी गेले आणि मला आज्याची आठवण झाली. आमचा भाग कोल्हापूर संस्थानातला. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आजा तेव्हा लहान, गुरं राखायचा. पणजा म्हणाला म्हणे, "रुपाया कुठनं आणायचा? त्यापरास पोरगं साळंत गेल्यालं परवडलं." एवढ्या एका हिशेबावर आमच्या घरात अक्षर शिरलं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची, घरापासून शंभर पावलांवर. शाळा सुटली की आजा परत गुरांमागं. शाळा दारात होती म्हणून दोन्ही जमलं.

त्याच्याही पस्तीस वर्षं आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं होतं. सारा भरतो शेतकरी आणि त्याचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. बारा वर्षं वयापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. नांगराची मूठ धरायला लाजणार नाही असा मास्तर पाहिजे, असंही त्यांनी मांडलं. हे मी पन्नाशीनंतर वाचलं. वाचताना आमचे चौथीचे गुरुजी आठवले. ते सुट्टीच्या दिवशी आमच्या पेरणीला हात लावायचे.

पण नुसती शाळा जवळ असून भागत नाही. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. हुकूम निघाला म्हणून गावाचं मन लगेच पालटत नाही. आजाच सांगायचा, गावकुसाबाहेरची पोरं पुढंही कितीतरी वर्षं देवळाच्या पायरीखाली बसून अक्षरं गिरवायची. त्या चार पायऱ्या चढायला त्यांना फार वर्षं लागली. आमच्या घरानं त्यात काही केलं नाही, हेही लिहून ठेवतो.

त्याच १९१९ साली, कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गावोगाव मोठी शाळा नेणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून पोरांनाच शाळेजवळ आणून ठेवलं. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, राबून शिकली. त्यांना दोन घास मिळावेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

माझ्या वेळेला गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून ओढ्यापलीकडं, साडेतीन किलोमीटर चालत. मी गेलो, रडतखडत दहावी झालो. माझी आक्का माझ्यापेक्षा हुशार. पाढे तिनंच मला शिकवले. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी, वाटेला दोन्ही अंगाला ऊस. आण्णा म्हणाले, "पोरीच्या जातीला एकटं कसं धाडायचं?" झालं, आक्का चौथीत थांबली. परवा पंचमीला माहेरी आली होती. शाळेचा विषय निघाला तशी म्हणाली, "पुढची साळा गावात असती तर मीबी मास्तरीण झालो असतो." तिची साठी कधीच उलटली, तरी ती गोष्ट तिच्या मनातून गेली नाही.

मुलांना लांब जावं लागू नये म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली अंतर ठरलं. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीनच्या आत. आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं. एका गुरुजीनं चार वर्ग कसे सांभाळायचे, हा प्रश्न खरा आहे. मोठ्या शाळेत खेळायला सवंगडी मिळतात, हेही खरं. पण वाट लांबली की आधी कोण गळतं, ते मी आक्काच्या रूपानं घरात बघितलंय. आणि पट कमी केला कुणी? सरकारला बोल लावायच्या आधी मी आमच्या दारात थांबणारी बस बघतो.

येत्या जूनला नात पहिलीत जाणार. पोरगा म्हणाला, दोघांचं बसभाडं आणि फी झेपणार नाही, तिला गावच्या शाळेत घालू. सून ताडकन म्हणाली, "मग तिलाच का गावात ठेवायची?" तिचं बरोबर होतं. पणज्यानं रुपया वाचवायला पोराला शाळेत घातलं, आण्णांनी भिऊन पोरीला काढलं आणि आम्ही पैसे वाचवायला पुन्हा पोरीलाच मागं ठेवायला निघालो.

मी एवढंच म्हणालो, घालायची तर दोघंही गावच्या शाळेत घाला. मी रोज शाळेत जाऊन बसतो, गुरुजींना काय कमी पडतंय ते बघतो. सून अजून काही बोललेली नाही. गुरुजी वाटेत भेटतात, पण पटात दोन नावं वाढवा असं मी त्यांना सांगितलेलं नाही. आधी घरातलं ठरू दे.