संगणकाची खुली विद्या

आमच्या महाविद्यालयाचा एक जुना वार्षिक अंक काही वर्षांपूर्वी पुन्हा छापावयाचे ठरले. मजकूर संगणकावर होताच. तेव्हा काम एका दिवसाचे, असे आम्ही धरून चाललो. फाइल उघडली आणि पाहतो तो काय! कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची नुसती खिचडी. ज्या फाँटमध्ये तो मजकूर जुळवला होता तो एका कंपनीच्या मालकीचा, आणि त्याचा परवाना जुन्या यंत्राबरोबरच गेलेला. भाषा आमची, विद्यार्थी आमचे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. शेवटी सारा अंक हाताने पुन्हा टाइप करावा लागला. तेव्हा मनात आले, की ही कुलपे संगणकाच्या जगात शिरली तरी केव्हा? मी इतिहासाचा शिक्षक; यंत्राचा जाणकार नव्हे. पण ही हकीकत यंत्रांची थोडी आणि माणसांची फार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. माणूस त्या सूचना स्वतःला वाचता येतील अशा रीतीने लिहितो. ती मूळ संहिता. मग तिचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा हे रूपांतरच पडते. म्हणजे लोणचे मिळते, कृती मिळत नाही. मीठ जास्त झाले तरी मुकाट्याने खावयाचे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मुभा सर्वांना असते, त्यास ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, म्हणतात.

आता आपणांस वाटेल, की कुलूप आधीचे आणि मोकळीक नंतरची. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. १९५५ साली लॉस एंजेलिस भागातील काही मोठ्या गिऱ्हाइकांनी, ज्यांच्याकडे आय.बी.एम. कंपनीचे ७०४ हे यंत्र येणार होते, ‘शेअर’ नावाची संघटना काढली. एकाने लिहिलेल्या आज्ञावल्या दुसऱ्याने वापराव्यात, तेच काम दहा जणांनी दहा वेळा करू नये, एवढाच साधा हेतू. सॉफ्टवेअरला त्या काळी वेगळी किंमत अशी नव्हतीच. ते यंत्राबरोबर येई. १९६९ साली, मक्तेदारीविरोधी कायद्याचा दबाव वाढत असता, आय.बी.एम.ने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले. एक नवा व्यापार उभा राहिला. १९७६ साली तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांस एक खुले पत्र लिहून, आपले सॉफ्टवेअर पैसे न देता उतरवून घेतले जाते अशी तक्रार केली. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. लिहिणाऱ्यालाही पोट असतेच.

परंतु कुलपाची दुसरी बाजूही होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत छपाईचे एक नवे यंत्र आले. त्यात कागद वरचेवर अडके. रिचर्ड स्टॉलमन या तेथील प्रोग्रामरने जुन्या यंत्राला अशी सोय करून दिली होती, की कागद अडकला की सर्वांना सूचना जावी. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना. ज्याच्यापाशी ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील माणसाने, कोणासही न देण्याचा करार केला आहे म्हणून नकार दिला. स्टॉलमन यांच्या मनाला ही गोष्ट लागली. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना सिद्ध केला. त्याचा सारांश असा: घ्या, बदला, विका सुद्धा, मात्र पुढच्याला देताना हीच मोकळीक द्या. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे तिकडे फार घोटाळा झाला. मराठीत दोन शब्द निरनिराळे आहेत, हे आपले भाग्य!

या प्रणालीचा गाभा तेवढा अपुरा होता. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर तसा गाभा लिहिला, आणि पुढच्याच वर्षी तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणला. हेच लिनक्स.

आता व्यापारी मंडळी इकडे का वळली? धर्मादाय म्हणून खासच नव्हे. एकाच विक्रेत्याशी बांधून राहणे महाग पडते, हे त्यांना कळले. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ साली सुचले, तेही व्यापाऱ्यांस बिचकवू नये म्हणूनच. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. आणि त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ साली मुक्त संहितांचे मोठे भांडार असलेले गिटहब साडेसात अब्ज डॉलरांस विकत घेतले! पुढच्या वर्षी आय.बी.एम.ने लिनक्सची सेवा विकणारी रेड हॅट कंपनी ३४ अब्ज डॉलरांस घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत सारेच लिनक्सवर चालणारे आहेत. आणि आपल्या खिशातील फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याचाही गाभा तोच.

म्हणजे सगळे आलबेल झाले काय? नाही. वापरणारे कोट्यवधी आणि राखणारे मूठभर, अशी कित्येक ठिकाणी स्थिती आहे. ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे साधन असंख्य यंत्रांत बसलेले. सांभाळणारा एकच, थकलेला, बिनपगारी माणूस. मदतनीस म्हणून कोणी एक आला, दोन वर्षे विश्वास संपादन केला, आणि त्या साधनात त्याने चोरवाट खणली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने छडा लावला आणि मोठे संकट टळले. दार उघडे होते म्हणून चोर आला, हे खरे. आणि दार उघडे होते म्हणूनच एका जागरूक माणसाला आत जाऊन पाहता आले, हेही खरे.

आमच्या वार्षिकाचे काय झाले, ते सांगून संपवतो. नवा मजकूर आम्ही युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत जुळवला आणि फाँट वापरला तो ‘मुक्त’. हा मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडवला आणि खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला. पैसे पडले नाहीत. पण कोणीतरी एकेक अक्षर वळणदार करीत बसले, तेव्हा तो आम्हांस मिळाला. तेव्हा आपणही असले काही वापरीत असाल, तर एखादी चूक दिसताच कळवा, जमल्यास एखाद्या सूचनेचे मराठी भाषांतर करून पाठवा. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे. गाळ काढण्याच्या दिवशीही मात्र घरी बसू नये.